शेतकरी कुटुंबाची समुद्रकिनाऱ्यावरील सुटी व तिचा हंगाम

गहू-हरभरा घरात येऊन पडला, तुरीचे माप झाले आणि मुलांच्या परीक्षा आटोपल्या की नंदनवन वस्तीतील आमच्या सभासदांच्या घरी एकच विषय निघतो: यंदा समुद्रावर जावयाचे की नाही? ज्यांची शेती उमरेड, कुही, भिवापूर या तालुक्यांत आहे व ज्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी नागपुरात बिऱ्हाड केले आहे, अशी पुष्कळ कुटुंबे येथे राहतात. शेजारच्या नोकरदाराने फाल्गुनातच तिकिटे काढून ठेवलेली असतात. आपल्या घरी चर्चेस आरंभ होतो वैशाखात, निर्णय होतो मृगाच्या तोंडावर, आणि तो निर्णय बहुधा 'पुढच्या वर्षी पाहू' असा असतो.

शेतकीच्या मासिकात सहलीचा विषय कशास, असे कोणी विचारील. परंतु ज्या कामास पैसा लागतो, मनुष्यबळ लागते, ज्यास निश्चित हंगाम आहे आणि हंगाम चुकला असता ज्यात नुकसान होते, ते काम शेतकऱ्याच्या विचाराबाहेरचे कसे म्हणावे? किंबहुना आमचे म्हणणे एवढेच आहे की, पेरणीस जसा वाफसा साधावा लागतो तसाच कोकणच्या या प्रवासासही साधावा लागतो. आणि उरलेल्या दिवसांत उरकण्याचे काम म्हणून त्याकडे पाहिल्यामुळेच तो आपल्या हातून एक तर होत नाही, किंवा होऊ नये त्या वेळी होतो.

याबाबतीत आमच्या घरचीच गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या वडिलांनी कुही तालुक्यात चाळीस वर्षे कापूस व मिरची पिकविली. समुद्र पाहावा अशी त्यांची इच्छा होती व ती त्यांनी फारशी लपविलीही नव्हती. कधी बोअर आटली, कधी बैल घ्यावा लागला, कधी कोणाचे लग्न निघाले. अखेर मे २०२० ची तिकिटे आम्ही जानेवारीतच काढली. मार्च अखेरीस महासाथीमुळे प्रवासी गाड्या बंद झाल्या, तिकिटांचे पैसे परत आले, आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात वडील गेले. महासाथीपुढे कोणाचा इलाज नव्हता हे खरे. पण तिच्यापूर्वीच्या वीस वर्षांतला प्रत्येक 'पुढच्या वर्षी' आमचाच होता. पुढे २०२३ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आईस घेऊन आम्ही गुहागरास गेलो. पहिल्या संध्याकाळी तिने ओंजळभर पाणी जिभेस लावून पाहिले, थुंकून टाकले आणि म्हणाली, "एवढं पाणी, अन् ओलिताच्या कामाचं नाही!" मग अंधार पडेपर्यंत ती तेथून उठली नाही.

आता हंगामाविषयी. विदर्भातील उन्हामुळे आपल्याकडील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. यामुळे आपल्या लोकांची अशी समजूत झाली आहे की, जूनचा पहिला पंधरवडा सहलीस मोकळा आहे. त्या वेळी गर्दी ओसरलेली असते व खोल्याही स्वस्त मिळतात. खोल्या स्वस्त का मिळतात, याचा विचार मात्र कोणी करीत नाही. त्या सुमारास कोकणात पाऊस उतरलेला असतो. २०२५ साली तर मोसमी पाऊस मे महिन्याच्या २५-२६ तारखेसच कोकण व्यापून मुंबईत पोहोचला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यास तौक्ते वादळाने सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा किनारा झोडपला. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी शासनच बंद ठेवते आणि मालवणातून सिंधुदुर्ग किल्ल्यास नेणाऱ्या होड्या मे अखेरीस थांबतात. ज्या समुद्रात त्याच्याच पोटावर जगणारा कोळी होडी घालीत नाही, त्यात नागपूरच्या मुलाबाळांनी कशास उतरावे? आमच्या एका सभासदाचे कुटुंब असेच जूनमध्ये गेले होते. चार दिवस खोलीत बसून पाऊस पाहिला. पाचव्या दिवशी थोडी उघडीप मिळाली तेव्हा गुडघाभर पाण्यातून त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा लाटेबरोबर ओढला गेला. जवळ जाळे दुरुस्त करीत बसलेल्या माणसाने धाव घेतली म्हणून तो परत आला. ते कुटुंब आता समुद्राचे नाव काढीत नाही.

तेव्हा मे महिन्याचा पहिला पंधरवडा हाच आपला हंगाम होय असे आम्हांस वाटते. शेतीच्या कामांशीही त्याचा मेळ बसतो. नांगरट चैत्रात आटोपली असेल तर ढेकळे तापू देण्यापलीकडे कोरडवाहू शेतकऱ्यास त्या दिवसांत फारसे काम नसते. शेणखत पसरणे, वखराची पाळी, बी-बियाण्याची जुळवाजुळव ही कामे २५ मेच्या सुमारास रोहिणी लागतात तेव्हा येतात. आणि गुलाबी बोंडअळीच्या भयाने १ जूनपूर्वी कपाशी पेरू नये असे कृषी खाते सांगतच असते. ज्याच्याकडे उन्हाळी धान आहे त्याने कापणी-मळणीची तारीख पाहूनच बेत करावा. काटोल-नरखेडकडील संत्रा बागाईतदारांची गोष्ट निराळी आहे. जो मृग बहार धरतो त्याची झाडे त्या वेळी ताणावर असतात, पाणी तोडलेले असते. त्याच्याइतका मोकळा मनुष्य दुसरा नाही. जो आंबिया बहार धरतो त्याची फळे मात्र त्याच उन्हात झाडावर असतात. पाण्याची एक पाळी चुकली की गळ होते. अशा घरी दोघे भाऊ असतील तर एकाने यंदा व दुसऱ्याने पुढल्या वर्षी जावे, आणि तसे पाडव्यालाच ठरवून टाकावे. बागेत नळ्या बसविल्या आहेत, शेजारी लक्ष ठेवील, या भरवशावर आम्ही तरी बाग सोडून जाणार नाही.

उन्हातून सुटका हा प्रवासाचा एक हेतू असतो, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता; तसले ऊन किनाऱ्यावर नाही. पण तेथील हवेत ओल इतकी असते की घाम वाळत नाही, आणि आपल्या वाळ्याच्या कूलरचा तेथे काडीइतका उपयोग होत नाही. थंड हवा पाहिजे असेल त्याने चिखलदऱ्यास जावे.

समुद्राच्या पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपले लोक येथेच फसतात. अंबाझरीचे किंवा फुटाळ्याचे पाणी जागच्या जागी असते; समुद्र दिवसातून दोनदा चढतो व दोनदा उतरतो. कोकणातील लोक त्याचा हिशेब पंचांगावरून करतात, आणि तो आपल्यालाही सहज करता येईल. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. मग शुक्ल पक्ष असो की वद्य. तेथून सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटीचा तळ येतो. पौर्णिमा-अमावास्येस याप्रमाणे सकाळी अकरा-साडेअकरास भरती पुरी होते आणि दुपारभर पाणी उतरत राहते. त्यातून ते दिवस उधाणाचे, म्हणजे पाणी अधिक चढण्याचे व अधिक वेगाने ओढण्याचे. जेवणे आटोपून मंडळी पाण्यात उतरतात ती नेमकी त्याच वेळी. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते; पाण्याची चढउतार कमी, म्हणून लहान मुले बरोबर असतील तर ते दिवस बरे. हा हिशेब ढोबळ आहे, आणि किनाऱ्यावरील माणसास विचारल्यावाचून त्यावर विसंबू नये. गणपतीपुळ्यास देवदर्शनाबरोबर समुद्रस्नान करण्याची आपल्याकडे हौस फार. तेथील पाणी धोक्याचे असल्याचे फलक लावलेले आहेत व ते शोभेसाठी लावलेले नाहीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळाही नव्हता आणि वादळही नव्हते.

उतरावे कोठे, याविषयी आमचे मत ठाम आहे: शेतकऱ्याने शेतकऱ्याच्या घरी उतरावे. गुहागर, दापोली, श्रीवर्धन, दिवेआगर, तारकर्ली या सर्व ठिकाणी नारळी-पोफळीच्या वाडीत राहणारी कुटुंबे आपल्या घरातील दोन-चार खोल्या प्रवाशांस देतात. निवास व न्याहारी योजना आहे, आणि २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरणही झाले आहे. यात केवळ काटकसरीचा प्रश्न नाही. निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोलीपर्यंतच्या वाड्या झोपविल्या. पिढ्यांनी राखलेली पोफळ एका दुपारी आडवी झाली. नवी पोफळ लावली तरी सुपारी हाती येण्यास पाच-सहा वर्षे तरी जातात. बोंडअळीने २०१७ साली आपली कपाशी खाल्ली तेव्हा एका हंगामाचे गेले. त्यांचे अर्ध्या पिढीचे गेले. मधल्या वर्षांत त्या घरांची चूल ज्या मिळकतीवर चालते तीत या खोल्यांचे भाडेही येते. आपले पैसे मोठ्या हॉटेलाच्या मालकास जाण्यापेक्षा तेथे गेलेले काय वाईट? शिवाय वाडीत चार दिवस राहिले म्हणजे डोळे उघडतात. जांभ्या दगडाच्या कातळात खड्डा मारून, माती भरून कलम कसे जगवितात; हापूसमधला साका म्हणजे काय; एकाच वाडीत नारळ, पोफळ, मिरवेल व जायफळ एकावर एक कसे बसवितात; हे आपल्या मुलांनी पाहावे. सवड असेल तर दापोलीचे कृषी विद्यापीठ, वेंगुर्ल्याचे फळसंशोधन केंद्र किंवा रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र यांपैकी एक अवश्य पाहावे. आम्ही गुहागरास ज्यांच्याकडे उतरलो त्यांस डिसेंबरात संत्र्याची पेटी पाठवितो. त्यांच्याकडून कोकम येते. त्यांच्या घरच्या मंडळींनी अजून विदर्भ पाहिलेला नाही. आमचे आमंत्रण उभे आहे.

मार्गाबद्दल थोडक्यात. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधी सुरू होते; म्हणजे मेच्या आरंभी निघावयाचे तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिकीट काढावयास हवे. त्या वेळी आपण हरभऱ्याच्या मळणीत असतो व येथेच गाडी चुकते. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटर पुरा खुला झाला आहे. पण तो मुंबईच्या दारापर्यंत नेतो, समुद्राच्या कडेस नव्हे. तेथून पुढे गुहागरास जाण्यास आणखी एक दिवस धरावा. रात्रभर गाडी हाकून वेळ वाचविण्याच्या फंदात कोणी पडू नये. दुसरा मार्ग सोलापूर-कोल्हापूरवरून आंबा घाटाने रत्नागिरीस उतरतो. मुक्काम करीत जाणाऱ्यांस तो अधिक मानवेल. वर्धा जिल्ह्यातून गोव्याच्या सीमेपर्यंत योजिलेल्या शक्तिपीठ महामार्गाने हे अंतर पुष्कळच कमी होईल असे सांगतात. मात्र कोल्हापूर-सांगलीकडील ज्या शेतकऱ्यांची पाण्याखालची जमीन त्यात जावयाची आहे त्यांचा त्यास कडवा विरोध आहे, आणि आपल्या आठ दिवसांच्या सोयीसाठी आम्ही त्या वादात आपले वजन टाकणार नाही.

खर्चाची तरतूद कापसाच्या शेवटच्या वेच्याच्या पैशातून करावी. पीककर्ज उचलून समुद्र पाहू नये. तो पैसा बियाण्याचा व खताचा आहे. पाच गावे पाहण्याच्या हावेपायी गाडीखर्च दुप्पट होतो आणि सर्वांची दमछाक होते, म्हणून एकच गाव निवडावे. आणखी एक सूचना घरच्या पुरुषांस उद्देशून आहे. कित्येक कुटुंबे काटकसर म्हणून शेगडी, पीठ, तिखट-मीठ सर्व बरोबर नेतात. बाकीचे वाळूत खेळतात आणि घरची बाई तेथेही पोळ्या लाटीत बसते. अशा सहलीत तिची सुटी कोणती? घरमालकिणीच्या हातचे जेवण ठरवून घ्यावे, आणि शेगडी नंदनवनातच राहू द्यावी.

राहता राहिला सालगडी. आपण आठ दिवस समुद्र पाहतो ते तो बैलांस पाणी दाखवितो म्हणून. त्या दिवसांची जादा मजुरी निघण्यापूर्वीच त्याच्या हातावर ठेवावी. त्याच्या कुटुंबाच्या सुटीचे काय, हा प्रश्न आमच्या सभासदांनी एकमेकांस कधी विचारलेला आम्ही ऐकला नाही, आणि आम्हीही तो आजवर विचारलेला नाही.

ज्या सभासदांनी कोकणात एखाद्या वाडीत उतरून समाधान पावल्याचा अनुभव घेतला असेल त्यांनी त्या घराचे गाव, खोल्यांची संख्या व जेवणाची सोय एवढे लिहून, घरमालकाच्या संमतीने, आमच्याकडे कळवावे. पौष संपण्यापूर्वी ही माहिती हाती आली तर मार्चच्या आत ती सर्वांस देता येईल.