गावाची सोय आणि गावाची सवय

इंग्लंडमधील खेडे म्हटले की पाठ्यपुस्तकांनी आणि चित्रपटांनी रंगविलेले एक ठरावीक चित्र आमच्या डोळ्यांपुढे उभे राहते. मध्यभागी हिरवेगार मैदान, पलीकडे चर्चचा दगडी मनोरा, दारोदार गुलाबाचे वेल आणि सुट्टीच्या दुपारी रंगलेला क्रिकेटचा सामना. हे चित्र सर्वस्वी खोटे आहे असे नव्हे. परंतु ते अपुरे आहे. त्या गुलाबाच्या वेलीमागे राहणाऱ्या एकट्या म्हातारीला औषध किंवा पाव आणावयाचा झाला तर ती कोठे जाते व कशी जाते, हे त्या चित्रात दिसत नाही. आमच्या मते खेड्याची खरी पारख याच प्रश्नाने होते.

एके काळी इंग्लंडच्या पुष्कळ लहान खेड्यांतही किराणा मालाचे दुकान, टपाल कचेरी, शाळा आणि ‘पब’ हे सारे हाकेच्या अंतरावर असे. पुढे हे वैभव ओसरू लागले. १९६३ साली डॉ. रिचर्ड बीचिंग यांच्या अहवालाने ब्रिटनमधील २,३६३ रेल्वे स्थानके व थांबे बंद करण्याची शिफारस केली आणि त्यांतील बरीचशी खरोखरच बंद झाली. १९८६ पासून लंडनबाहेरील बसवाहतूक खासगी स्पर्धेवर सोपविण्यात आली. ज्या फेऱ्यांत नफा नाही त्या सरकारी मदतीवाचून चालेनात. घरोघरी मोटारगाडी आली, तशी माणसे आठवड्याचा बाजार शहरातील मोठ्या दुकानांतून भरू लागली आणि गावातल्या दुकानात विसरलेली आगपेटी तेवढी घेऊ लागली. आगपेटीवर दुकान चालत नाही. ते बंद पडले म्हणजे गाडीवाल्याचे काही अडत नाही. अडते ते वृद्धांचे, मुलांचे आणि गरिबांचे.

अशा वेळी गावाने काय करावे? सरकारला दोष देऊन स्वस्थ बसावे, हा एक मार्ग झाला. इंग्लंडातील अनेक खेड्यांनी दुसरा मार्ग धरला, आणि तोच आम्हांला वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

त्या मार्गाचे साधन जुनेच आहे. १८९४ च्या कायद्याने तेथे ‘पॅरिश कौन्सिल’ स्थापन झाल्या. ही संस्था आमच्या ग्रामपंचायतीची जणू चुलत बहीणच होय. पार्लमेंटच्या निवडणुकीत स्त्रियांना मत मिळाले ते १९१८ साली, तेही सर्वांना नव्हे; पण पॅरिश कौन्सिलच्या निवडणुकीत मत देण्याचा व उभे राहण्याचा अधिकार त्यांना १८९४ पासूनच होता, हे आमच्या वाचक भगिनींनी ध्यानी घ्यावे. आज इंग्लंडात अशा सुमारे दहा हजार स्थानिक कौन्सिल आहेत. घरपट्टीबरोबर गोळा होणाऱ्या लहानशा रकमेतून पायवाटा, रस्त्यावरील दिवे, खेळाचे मैदान, बसथांब्याची शेड आणि दफनभूमी यांची व्यवस्था त्या पाहतात. गावातील सहा मतदारांनी भाजीपाला लावण्यासाठी जमिनीचे वाफे लेखी मागितले तर कौन्सिलला त्या मागणीचा विचार करावाच लागतो. अधिकार लहान आहे, पण तो वापरला जातो.

सॉमरसेट परगण्यातील वेस्टबरी-सब-मेंडिप या गावाची गोष्ट मोठी बोधप्रद आहे. तेथे येणारे फिरते वाचनालय बंद झाले आणि गावातील लाल टेलिफोनची पेटीही काढली जाण्याची वेळ आली. दोन सोयी एकदम जाणार! तेव्हा २००९ साली कौन्सिलने ती रिकामी पेटी अवघ्या एका पौंडाला विकत घेतली, आत फळ्या ठोकल्या आणि गावकऱ्यांनी आपापल्या घरची पुस्तके आणून त्यांवर मांडली. एक पुस्तक न्यावे आणि वाचलेले एक ठेवावे, एवढाच नियम. ना ग्रंथपाल, ना कुलूप. अन्यत्र अशाच पेट्यांत, हृदयक्रिया बंद पडलेल्या माणसाला विजेचा झटका देऊन वाचविण्याचे यंत्र ठेवलेले असते.

दुकानांचेही तसेच. शेवटचे दुकान बंद होऊ लागले म्हणजे गावकरी सभा घेतात, भाग विकून भांडवल उभे करतात आणि दुकान आपल्या मालकीचे करतात. कोणी कितीही भाग घेतले तरी मत एकच. एखादा पगारी व्यवस्थापक आणि बाकी पाळीपाळीने विनावेतन काम करणारे गावकरी, असा तो कारभार. युनायटेड किंग्डममध्ये अशी चारशेच्या आसपास दुकाने चालू आहेत. कंब्रियातील हेस्केट न्यूमार्केट या गावाने तर २००३ साली सुमारे सव्वाशे भागधारक मिळवून गावचा ‘पब’च सहकारी मालकीचा केला. पब म्हणताच आमच्याकडील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडेल; परंतु तेथे तो मद्याइतकाच गप्पागोष्टींचा, म्हणजे आमच्या चावडीचा व पाराचा भाग असतो. पुढे २०११ च्या कायद्याने अशा जागांची नोंद करण्याची तरतूद झाली. नोंदलेली जागा मालक विकू लागला तर पैसे जमविण्यासाठी गावाला सहा महिन्यांपर्यंत अवधी मागता येतो.

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. स्वयंसेवकांच्या बळावर दुकान चालेल, पुस्तकांची पेटी चालेल; पण शाळा, दवाखाना आणि नियमित बस ही त्या बळावर चालत नाहीत. शिवाय सुंदर खेड्यांतील घरे सुट्टीपुरते येणारे शहरी धनिक विकत घेतात, किमती वाढतात, तरुण कुटुंबे गाव सोडतात आणि शाळेचा पट घटतो. पाळी भरणारे हात बहुधा निवृत्तांचे असतात. त्यांच्यामागे कोण, हा प्रश्न उरतोच. म्हणून गावकऱ्यांच्या पुरुषार्थाचे कौतुक करताना शासनाला त्याच्या जबाबदारीतून मोकळे करणे आम्हांला मान्य नाही. दोघांनीही आपापला वाटा उचलला पाहिजे.

हा विचार आम्हां बडोदेकरांना परका नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथालयतज्ज्ञांना बोलावून संस्थानात वाचनालयांचे जाळे विणले. खेड्यातील वाचनालयाच्या खर्चाचा एक वाटा गावाने उचलावा, एक प्रांत पंचायतीने आणि एक सरकारने, अशी ती योजना होती. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरत. वेस्टबरीची लाल पेटी पाहून त्या पेट्यांची आठवण व्हावी, हे स्वाभाविकच आहे.

विद्यार्थिमित्रहो, परदेशच्या खेड्याची हकिकत आम्ही सांगितली ती केवळ नवल म्हणून नव्हे. आपल्या पेठेतील वाचनालय, व्यायामशाळा, मंडळाचे सभागृह यांची वर्गणी आपल्या घरातून किती वर्षांत गेली नाही, हे एकदा विचारून पाहा. दार बंद झाल्यावर सभा भरविण्यापेक्षा दार उघडे आहे तोवर आत जाणे सोपे असते. गावाची सोय गावाच्या सवयीवर जगते.