खळ्यातील आगगाडी

वाफेचे इंजिन रुळावरून धावताना आमच्या सिंधुदुर्गातील मुलांनी आपल्या गावी पाहिलेच नाही, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. परंतु कोकण रेल्वेचा सबंध मार्ग खुला झाला तो १९९८ च्या जानेवारीत, आणि तेव्हा गाडी ओढावयास आले ते डिझेलचे इंजिन. तत्पूर्वी वाफेशी आमचा परिचय होता तो मुंबईच्या आगबोटीपुरता. बोट मालवणच्या बंदरात लागली म्हणजे उतारू पडावातून किनाऱ्यास येत. ते दिवसही आता गेले.

अशा या गावी आमच्या घरात मात्र एक वाफेचे इंजिन आहे. लांबीने हातभराहून थोडे अधिक, आणि रुळांमधील अंतर साडेतीन इंच. आमचे आजोबा मुंबईस रेल्वेच्या कारखान्यात नोकरीस होते. लंडनहून १८९८ पासून निघणारे ‘मॉडेल इंजिनियर’ हे नियतकालिक ते मागवीत व त्यातील आकृत्या पाहून सुटीत कानस घासीत बसत. एवढेसे इंजिन खऱ्या आगीवर माणसे ओढू शकेल काय, यावर १९२२ च्या सुमारास त्या पत्रात मोठा वाद माजला होता. ‘एल.बी.एस.सी.’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या कारागिराने अडीच इंची रुळांवरील आपल्या ‘आयेशा’ इंजिनामागे माणसे बसवून त्याचे उत्तर दिले. आजोबांचे इंजिन इतके पराक्रमी नव्हते. ते स्पिरिटच्या दिव्यावर चाले आणि खळ्यात दोन-तीन फेऱ्या मारून दमे.

ते का दमे, हे वाचकांस सांगितले पाहिजे. मोठ्या वस्तूची हुबेहूब लहान प्रतिकृती केली की तीही तशीच चालेल, ही समजूत चुकीची आहे. लांबी सोळाव्या हिश्शावर आणली तर पृष्ठभाग २५६ व्या हिश्शावर येतो आणि आतील पाण्याचे आकारमान ४०९६ व्या हिश्शावर. म्हणजे पाण्याच्या मानाने उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग सोळा पट होतो. धातू लहान करता येतो. पाणी आणि अग्नी यांचे नियम काही लहान होत नाहीत.

हे इंजिन कित्येक वर्षे फडताळात होते. गेल्या दिवाळीत आमच्या बारा वर्षांच्या नातवाने ते बाहेर काढले. “आजोबा, हे पुन्हा चालेल का?” असे त्याने विचारले आणि आम्हांस उत्तर देता येईना. बॉयलरच्या एका सांध्यास चीर होती. तिची दुरुस्ती करावी म्हणून वरचे पत्र्याचे वेष्टण काढले, तो आत तांब्यावर टोच्याने कोरलेली आजोबांच्या हातची ओळ दिसली : ‘२० रत्तलांच्या वर नेऊ नये.’

ती ओळ वाचून आम्ही चपापलो. १९५५ च्या सुमारची गोष्ट. आजोबा देवळात गेले असता गाडी अधिक वेगाने पळावी म्हणून आम्हीच सुरक्षा-झडपेची मळसूत्री कळ घट्ट आवळली होती. सांधा फुटला, वाफेचा झोत उसळला व आमचा डावा हात पोळला. आजोबा आले, त्यांनी दिवा विझविला, हातास तूप लावले आणि एक शब्दही न बोलता इंजिन उचलून ठेवले. पुढे कोणी विचारले तर “जुने झाले ते” एवढेच ते सांगत. आम्हीही तेच खरे मानीत आलो. कारण ते मानणे सोयीचे होते.

आजोबांनी सांधे कथलाच्या डाखाने जोडले होते. असा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळू लागतो व त्याच्या पुष्कळ आधीच दुबळा होतो. चौरस इंचास २० रत्तल दाब असता पाण्याची उष्णता १२६ अंश असते. ६० रत्तलांस ती १५३ अंशांवर जाते. आजोबांस आपल्या कामाची मर्यादा पुरती ठाऊक होती. ती ओलांडली आम्ही.

आता नवा बॉयलर करावा की जुन्यालाच डाख द्यावा, असा प्रश्न पडला. आमच्या भगिनी म्हणाल्या, “दादा, त्यांच्या हातचे आहे ते, मोडू नकोस.” त्यांचे म्हणणे आम्हांस कळत होते, परंतु शेजारी मूल उभे राहणार असता केवळ भावनेवर विसंबणे आम्हांस प्रशस्त वाटेना. शेवटी तांब्याच्या जाड नळीचा नवा बॉयलर केला. एका वृद्ध सोनारांनी टाकणखार लावून चांदीचा डाख दिला. तो वितळावयास सहाशे अंशांहून अधिक उष्णता लागते. पाण्याची पातळी दिसावी म्हणून काचेची नळी बसविली व चालू असता पाणी भरता यावे म्हणून एक हातपंप जोडला. आमच्या विहिरीचे पाणी मचूळ, त्याने आत क्षार धरतो. म्हणून पागोळीचे साठविलेले पाणीच वापरतो.

चालविण्याचा दाब ४० रत्तल ठरविला आणि परीक्षा केली ८० रत्तलांस, तीही थंड पाण्याने. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे सांधा फुटला तरी फक्त गळती होते. वाफ मात्र प्रसरण पावून घात करते. ज्यांना असा उद्योग करावयाचा असेल त्यांनी ही परीक्षा कधीही टाळू नये.

गेल्या पंधरवड्यात सारवलेल्या खळ्यात रूळ मांडले. इंजिनाने फळीच्या गाड्यावर ठेवलेले पाच नारळ ओढीत सात फेऱ्या केल्या. आठव्या फेरीस वेग मंदावला, तेव्हा नातू म्हणाला, “आजोबा, ही झडप थोडी आवळू या का?”

आम्ही अस्तनी वर सारून त्याला डाव्या हाताचा डाग दाखविला आणि जी गोष्ट सत्तर वर्षे कोणास सांगितली नव्हती ती सांगितली. तो काही वेळ गप्प बसला. मग त्याने दिवा विझविला आणि निवलेल्या इंजिनात पाणी भरावयास घेतले.

जुना बॉयलर आम्ही मोडीत घातला नाही. तो फडताळात आहे, कोरलेली ओळ दिसेल असा.