छतावर ऊन, दारात गाडी आणि मधली वायर

एकत्र येऊन गाड्या घेण्याची हौस छत्रपती संभाजीनगरला जुनी आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत, एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज गाड्या आल्या आणि देशभर त्याची चर्चा झाली. पुढे २०२२ च्या सुमारास इथल्याच उद्योजकांनी अडीचशे विजेच्या मोटारी एकगठ्ठा घेण्याची मोहीम हाती घेतली. दुसरीकडे, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेने गच्च्यांवर सौर पॅनेल चढवले. तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते. त्यामुळे वर पॅनेल आणि खाली विजेची मोटार असे घर सिडको, गारखेडा किंवा सातारा परिसरात आता नवलाईचे राहिलेले नाही.

हे स्वागतार्हच आहे. अडचण वेगळीच आहे. पॅनेल बसवणारा वेगळा आणि गाडी विकणारा वेगळा. एकाचे काम नेट मीटर लागला की संपते, दुसऱ्याचे चार्जर भिंतीवर टांगला की. या दोहोंच्या मध्ये घराची वायरिंग, वितरण पेटी आणि अर्थिंग असते. तिकडे पाहणे कोणाच्याच कामात बसत नाही. धोका नेमका तिथे आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. चार्जर पॅनेलला जोडला जात नाही, तो घराच्या वितरण पेटीला जोडला जातो. पॅनेलची वीज इन्व्हर्टरमधून त्याच पेटीत येते, आधी घरात वापरली जाते आणि उरलेली महावितरणच्या तारेत जाते. तारेतला पुरवठा बंद झाला की साधा ग्रिडजोड इन्व्हर्टरही क्षणात बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला घरातून गेलेल्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी तशी रचना केलेली असते. म्हणजे भर दुपारी वीज गेली, तर डोक्यावर ऊन असूनही गाडी चार्ज होणार नाही. ती सोय हवी असेल, तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो आणि त्याचा खर्च बराच वाढतो.

आता हिशेब. एक किलोवॉटच्या पॅनेलमधून वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट मिळतात. तीन किलोवॉटचे म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. मे महिन्यात ऊन कडक असले, तरी पॅनेल तापून ६० अंशांच्या पुढे जाते आणि २५ अंशांच्या वरच्या प्रत्येक अंशामागे उत्पादन एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके घटते. जुलै-ऑगस्टच्या ढगांत तर ते आणखी खाली येते. लहान किंवा मध्यम आकाराच्या विजेच्या मोटारीला शंभर किलोमीटरला साधारण १३ ते १५ युनिट लागतात. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाने दीडशे युनिट धरून चालावे. घराचा वापर अडीचशे असेल, तर तीन किलोवॉटचा संच गाडीसाठी थोडा अपुरा पडतो. तो वाढवायचा, तर मंजूर भारही तेवढा हवा. गाडी घेण्यापूर्वी हे गणित मागच्या बारा बिलांवर करून पाहावे. एका महिन्याचे बिल दिशाभूल करते.

दुसरा प्रश्न वेगाचा. विक्रेता साहजिकच ७.४ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर सुचवतो. तो ३२ अँपिअर ओढतो. घरगुती सिंगल फेज जोडणीची मर्यादा ४० अँपिअरची. या शहरात नळाला पाणी येण्याचा दिवस म्हणजे घरोघरी मोटार सुरू होण्याचा दिवस. त्या संध्याकाळी पाण्याची मोटार पाच-सहा अँपिअर आणि दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेत असताना चार्जर लावला, की बेरीज ४० च्या पुढे जाते. मंजूर भार वाढवून किंवा थ्री फेज जोडणी घेऊन हे सोडवता येते. पण बहुतेक घरांना त्याची गरजच नाही. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला सहा युनिट लागतात. ३.३ किलोवॉटचा संथ चार्जर ते दोन तासांत भरून देतो.

संथ चार्जरचा आणखी एक फायदा आहे. तीन किलोवॉटचा संच भर दुपारीही सव्वादोन-अडीच किलोवॉटच देतो. ७.४ किलोवॉटचा चार्जर त्याच्या तिप्पट वीज मागतो आणि बाकीची तारेतून ओढतो. तेच चार्जिंग दहा अँपिअरवर लावले, तर जवळपास सगळी वीज छतावरची वापरली जाते. नेट मीटरमुळे दिवसाचे युनिट रात्री वळते होतात, हे खरे. पण ती कागदावरची वजाबाकी आहे. सायंकाळी सहानंतर राज्याची मागणी चढते, तेव्हा तारेतून येणारी वीज मुख्यतः कोळशाचीच असते. शिवाय ३१ मार्चला शिल्लक राहिलेल्या युनिटांची भरपाई बिलाच्या दरापेक्षा बऱ्याच कमी दराने होते. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर १ जुलै २०२५ पासून सवलतही जाहीर झाली आहे. या सगळ्याचा कल एकाच दिशेने आहे : शक्य असेल तेव्हा गाडी दिवसा आणि सावकाश भरावी. रोज नोकरीवर गाडी नेणाऱ्यांना निदान शनिवार-रविवार तरी ते जमेल.

पैशांचा प्रश्न असा सुटतो. सुरक्षिततेचा प्रश्न मात्र जमिनीत गाडलेला आहे, अगदी शब्दशः.

हे शहर दख्खनच्या काळ्या पाषाणावर उभे आहे. वेरूळची लेणी ज्या बेसाल्टमध्ये कोरली, तोच खडक अनेक घरांच्या पायाखाली काही फुटांवर लागतो. ओल्या काळ्या मातीतून वीज सहज जमिनीत उतरते, कोरड्या खडकातून नाही. पावसाळ्यात ठीक असलेले अर्थिंग एप्रिल-मेमध्ये निकामी ठरू शकते. चाळीस वर्षांपूर्वीच्या घरांत तर अर्थिंगचा खड्डा फरशीखाली गेलेला असतो आणि त्यात शेवटचे पाणी कधी ओतले, हे कोणालाच आठवत नाही.

याचा परिणाम समजून घेण्यासाठी साधा भागाकार पुरतो. अर्थिंगच्या वाटेचा रोध पाच ओहम आहे असे समजू. गाडीच्या धातूच्या सांगाड्यात २३० व्होल्ट उतरले, तर जमिनीत ४६ अँपिअर जातील. ३२ अँपिअरचा एमसीबी एवढ्या प्रवाहाला लगेच पडत नाही. त्याला बराच वेळ, कधी तासभरही लागू शकतो. तोवर गाडी जिवंत तारेसारखी उभी असते. टायर रबराचे, त्यामुळे गाडीला दुसरी वाट नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून दार उघडणारा माणूस हीच मग वाट होते. सुमारे ३० मिलिअँपिअरच्या वरचा प्रवाह छातीतून गेला, तर हृदयाचे ठोके विस्कळीत होण्याचा धोका सुरू होतो. म्हणून विजेच्या सुरक्षेचे केंद्रीय नियम प्रत्येक चार्जरला ३० मिलिअँपिअरवर तुटणारे संरक्षण, म्हणजे आरसीसीबी, सक्तीचे करतात. ते सेकंदाच्या काही दशांशांत पुरवठा तोडते. सॉकेट जमिनीपासून किमान ८० सेंटिमीटर उंच असावा आणि एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये, असेही हे नियम सांगतात.

बहुतेक चार्जर अर्थिंग नसेल तर लाल दिवा दाखवून काम थांबवतात. इथे आपला प्रसिद्ध जुगाड आडवा येतो. प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांना वायरच्या तुकड्याने जोडले, की दिवा हिरवा होतो आणि गाडी चार्ज होऊ लागते. पुढे कधी खांबावरचा न्यूट्रल तुटला, तर तोच तुकडा गाडीच्या पत्र्यात थेट २३० व्होल्ट आणून सोडतो. लाल दिवा दाखवणारा चार्जर खराब नसतो, तो घरातला एकमेव प्रामाणिक साक्षीदार असतो. दुसरी पळवाट म्हणजे सौर संचासाठी खणलेल्या विजरोधकाच्या खड्ड्यातूनच चार्जरची अर्थवायर उचलणे. आभाळातली वीज जमिनीत नेण्यासाठी केलेली वाट गाडीपर्यंत आणण्यात काहीच शहाणपण नाही.

उपाय महागडे नाहीत. चार्जरसाठी वितरण पेटीपासून स्वतंत्र तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी, नवा अर्थिंगचा खड्डा आणि उन्हाळ्यात केलेली रोधाची मोजणी. परवानाधारक विद्युत ठेकेदाराला हे एका दिवसाचे काम आहे आणि गाडीच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ आहे. मागितल्यास गाडीसाठी स्वतंत्र जोडणीही मिळते, तशी तरतूद ग्राहक हक्कांच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ पासून आहे. पण सौर युनिट त्या दुसऱ्या मीटरवर वळते होत नाहीत. त्यामुळे छतावर पॅनेल असलेल्यांनी आहे त्याच जोडणीचा भार वाढवून घेणे बहुधा फायद्याचे.

मात्र सगळी जबाबदारी ग्राहकावर टाकून चालणार नाही. भारवाढीचा अर्ज महावितरणकडे येतो, सौर संचाची तपासणी होते, चार्जर वितरकाचा माणूस लावतो. या तीनपैकी एका तरी टप्प्यावर अर्थिंगचा मोजलेला आकडा आणि आरसीसीबीची चाचणी कागदावर नोंदवणे बंधनकारक व्हायला हवे. अनुदानाचा अर्ज कागदपत्रांशिवाय पुढे सरकत नाही, तर सुरक्षिततेचा एक कागद जड होऊ नये. बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यात विजेच्या वाहनांचे कारखाने उभे करण्याची स्वप्ने पाहणाऱ्या शहराने ही शिस्त राज्याच्या आधी स्वतःला लावून घ्यावी. गाडी किती वेगाने धावते हे सगळेच विचारतात. ती दारात उभी असताना तिला हात लावणे सुरक्षित आहे का, हे आधी विचारले पाहिजे.