'आर्कम नाइट' कोण, हे फॅन्सनी आधीच ओळखलं होतं. मग 'नवीन पात्र' असं का सांगितलं गेलं?

२०१५ च्या जुलैमध्ये अख्ख्या देशाला एकच प्रश्न पडला होता. कटप्पाने बाहुबलीला का मारलं? १० जुलैला 'बाहुबली' आला आणि २८ एप्रिल २०१७ ला दुसरा भाग येईपर्यंत हा प्रश्न व्हॉट्सॲप ग्रुपपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे फिरत राहिला.

बाहुबलीच्या बरोबर १७ दिवस आधी, २३ जून २०१५ ला, जगभरातल्या गेमर्सना पडलेल्या अशाच एका प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. हेल्मेटमागे लपलेला 'आर्कम नाइट' नक्की कोण? सव्वा वर्ष यावर वाद झाले होते, थिअरीज मांडल्या गेल्या होत्या. पण उत्तर आलं तेव्हा अनेकांची प्रतिक्रिया एवढीच होती, 'हे तर आम्हाला आधीच माहीत होतं.'

एक प्रश्न दोन वर्षं पुरला, दुसरा मात्र उत्तराआधीच शिळा झाला. असं का झालं?

(गेमचा शेवट खाली सांगितलेला आहे. ज्यांना 'बॅटमॅन : आर्कम नाइट' अजून खेळायचा आहे, त्यांनी आधी तो खेळून घ्यावा.)

विषय नेमका काय होता?

लंडनच्या रॉकस्टेडी स्टुडिओने २००९ मध्ये 'आर्कम असायलम' आणि २०११ मध्ये 'आर्कम सिटी' हे बॅटमॅनचे दोन गेम आणले. दोन्ही तुफान गाजले. 'आर्कम सिटी'च्या शेवटी थेट जोकरच मरतो. म्हणजे तिसऱ्या गेमसाठी बॅटमॅनचा सगळ्यात मोठा शत्रूच उरला नव्हता.

मार्च २०१४ मध्ये तिसऱ्या गेमची घोषणा झाली आणि त्यासोबत एक नवा व्हिलन समोर आला. बॅटमॅनसारखंच चिलखत, बॅटमॅनसारखेच कान असलेलं हेल्मेट, फक्त हातात बंदूक. बॅटमॅन बंदूक वापरत नाही आणि कुणाचा जीवही घेत नाही. त्यामुळे हा माणूस म्हणजे बॅटमॅनची उलटी प्रतिमा होती, हे बघताक्षणी कळत होतं.

हे पात्र पूर्णपणे नवीन आहे, असं रॉकस्टेडीकडून सांगण्यात आलं. डीसी कॉमिक्समधलं मोठं नाव असलेले जेफ जॉन्स यांच्या सोबतीने ते घडवल्याचंही सांगितलं गेलं. थोडक्यात, कॉमिक्सची जुनी पानं चाळून उत्तर सापडणार नाही, असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला.

पण फॅन्सनी नेमकी तीच पानं उघडली.

फॅन्सनी कसं ओळखलं?

संशयितांची यादी मोठी होती. दुसऱ्यांचे चेहरे चोरणारा 'हश' आदल्या गेममध्ये निसटला होता, त्यामुळे त्याचं नाव होतं. जोकर मेलाच नाही, असं म्हणणारे होते. बॅटमॅनचा पहिला साथीदार डिक ग्रेसन फिरला असेल, असाही एक गट होता.

पण एक नाव सतत वर येत होतं, जेसन टॉड.

यामागचं लॉजिक साधं होतं. आर्कम नाइटला बॅटमॅनची लढायची पद्धत माहीत आहे, तो कुठून येईल आणि कसा विचार करेल हे माहीत आहे. म्हणजे हा घरातला माणूस आहे. शिवाय त्याच्या बोलण्यातला राग पैशासाठी किंवा सत्तेसाठी लढणाऱ्याचा वाटत नव्हता, दुखावलेल्या माणसाचा वाटत होता. बॅटमॅनच्या घरातला, दुखावलेला आणि बंदूक उचलणारा माणूस म्हटलं की कॉमिक्स वाचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चेहरा येतो.

गंमत म्हणजे प्री-ऑर्डरसाठी जाहीर झालेल्या एका जोडकथेत 'रेड हूड' हे पात्र होतं. रेड हूड म्हणजे जेसन टॉडच. आता यावरूनही दोन तट पडले. जेसनची वेगळी कथा आहे म्हणजे तो आर्कम नाइट असूच शकत नाही, असं एका गटाचं म्हणणं. तर आधीच्या गेममध्ये ज्याचा पत्ता नव्हता तो जेसन अचानक इथे कसा आला, असा दुसऱ्या गटाचा सवाल. पुरावा एकच, पण त्याचे निष्कर्ष निघाले दोन आणि तेही एकमेकांच्या विरुद्ध.

शेवटी गेममध्ये हेल्मेट उतरलं आणि आतून जेसन टॉडच निघाला.

हा जेसन टॉड आहे कोण?

या पात्राची गोष्ट आर्कम नाइटपेक्षाही विचित्र आहे. कारण त्याचा जीव फॅन्सनीच घेतला होता, तोही फोन करून.

जेसन १९८३ मध्ये कॉमिक्समध्ये आला. डिक ग्रेसननंतरचा हा दुसरा रॉबिन. काही वर्षांनी त्याची कथा नव्याने लिहिली गेली. त्यात तो गॉथमच्या रस्त्यावर वाढलेला पोरगा होता आणि थेट बॅटमॅनच्या गाडीची चाकं चोरताना सापडला होता. तापट, उर्मट, न ऐकणारा हा रॉबिन अनेक वाचकांना आवडला नाही.

मग १९८८ मध्ये डीसीने एक अजब प्रयोग केला. 'अ डेथ इन द फॅमिली' या कथेत जोकर जेसनला लोखंडी पहारीने मारतो आणि पाठोपाठ बॉम्बस्फोट होतो. इथे अंक संपला. जेसन जगावा की मरावा, हे वाचकांनी ठरवायचं होतं. त्यासाठी दोन फोन नंबर दिले गेले. एका फोनला ५० सेंट आणि मुदत फक्त ३६ तास.

निकाल काय लागला? मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. फरक फक्त ७२ मतांचा.

जेसन मेला. एकाच माणसाने पुन्हा पुन्हा फोन लावून पारडं फिरवलं, अशी चर्चा पुढे अनेक वर्षं चालली. पण बॅटमॅनच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं अपयश म्हणून हा मृत्यू कायमचा नोंदवला गेला.

पुढे २००५ च्या सुमारास लेखक जड विनिक यांनी जेसनला परत आणलं. या वेळी तो रेड हूड होता, गुन्हेगारांना सरळ मारून टाकणारा. त्याची तक्रार 'मला वाचवलं का नाहीस?' ही नव्हतीच. 'मला मारणारा जोकर अजून जिवंत कसा?' हा त्याचा बॅटमॅनला सवाल होता.

आता लक्षात येईल, की आर्कम नाइटचं कोडं फॅन्ससाठी सोपं का होतं. ही गोष्ट त्यांनी आधीच वाचली होती.

मग रॉकस्टेडी खोटं बोलली का?

इथे दोन बाजू आहेत.

रॉकस्टेडीच्या बाजूने विचार केला तर 'आर्कम नाइट' हे नाव, तो पोशाख आणि स्वतःची फौज घेऊन शहरावर चाल करून येणारा सेनापती हे सगळं खरंच नवीन होतं. कॉमिक्समध्ये ते आधी नव्हतं. गेममधला जेसनचा भूतकाळही वेगळा आहे. इथे तो स्फोटात मरत नाही, तर जोकर त्याला एक वर्षाहून जास्त काळ आर्कम असायलममध्येच कोंडून छळतो. विशेष म्हणजे २०१९ मध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या हजाराव्या अंकात आर्कम नाइट मूळ कॉमिक्समध्ये आला, तेव्हा हेल्मेटमागे जेसन नव्हताच. ती निघाली ॲस्ट्रिड आर्कम नावाची तरुणी. म्हणजे पोशाख आणि माणूस या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे डीसीनेच दाखवून दिलं.

पण फॅन्सची तक्रारही चुकीची नाही. 'हा कोण?' असं लोक विचारत होते, तेव्हा त्यांना हेल्मेटमागचा माणूस कोण हे जाणून घ्यायचं होतं. त्यावर 'नवीन पात्र' हे उत्तर म्हणजे शब्दांना धरून खरं आणि अर्थाला धरून खोटं. अशी उत्तरं आपल्याकडे निवडणुकीच्या भाषणांत आणि फ्लॅटच्या जाहिरातींत भरपूर ऐकायला मिळतात. त्यात पकडण्यासारखं काही नसतं, पण फसल्यासारखं मात्र वाटतं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. आधीच्या गेमच्या मुख्य कथेत जेसनचा उल्लेख जवळपास नव्हताच. तिसऱ्या गेममध्ये मध्यावर अचानक त्याच्या छळाची दृश्यं दिसायला लागतात. ज्याने एकही कॉमिक वाचलेलं नाही, त्यालाही तिथेच कळतं की हे उगाच दाखवत नाहीत. म्हणजे जाणकारांना उत्तर सव्वा वर्ष आधी कळलं आणि नवख्यांना काही तास आधी. धक्का कुणालाच बसला नाही.

'कोण?' आणि 'का?' यातला फरक

कटप्पाच्या प्रश्नात खुनी कोण हे पहिल्याच भागात सांगून टाकलं होतं. उरला होता तो 'का?' आणि 'का?'चं उत्तर अंदाजाने कळलं तरी ते पडद्यावर बघावंसं वाटतं. 'कोण?'चं तसं नसतं. नाव कळलं की खेळ संपला.

आर्कम नाइटचा 'का?' खरं तर कटप्पाच्या तोडीचा होता. कोंडलेल्या जेसनला जोकर एक फोटो दाखवतो. त्यात बॅटमॅनसोबत नवा रॉबिन असतो. मी इथे मरतोय आणि यांनी माझी जागा भरूनही टाकली, ही त्या पोराची जखम आहे. बॅटमॅनने शोध का थांबवला, तर जोकरने त्याला एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात जेसनला गोळी लागताना दिसत होती. जगातला सगळ्यात हुशार डिटेक्टिव्ह म्हणवणाऱ्या माणसाने तो व्हिडिओ खरा मानला आणि विषय संपवला.

आज फोनवर आलेला कुठलाही व्हिडिओ खरा की बनावट, हे तपासायची वेळ सगळ्यांवर रोज येते. त्यामुळे २०१५ पेक्षा आज ही गोष्ट जास्त टोचते. बॅटमॅनची चूक तो व्हिडिओ बघून रडला ही नव्हती. त्यानंतर त्याने एकदाही खात्री केली नाही, ही होती. आणि त्या चुकीची किंमत दुसऱ्याच कुणीतरी एक वर्ष मोजली.

एवढा दमदार 'का?' हातात असताना प्रचाराचा सगळा भर मात्र 'कोण?'वर राहिला. त्यामुळे चर्चा हेल्मेटभोवती फिरली आणि जखम बाजूलाच राहिली.

हा वाद आज का आठवायचा?

कारण आज पुन्हा एका 'नाइट'वरून फॅन्स भांडत आहेत. टोबी फॉक्स यांचा 'डेल्टारून' हा गेम २०१८ पासून भागाभागाने येतोय. त्याचे तिसरा आणि चौथा भाग जून २०२५ मध्ये आले. त्यातल्या रहस्यमय नाइटच्या मागे कोण आहे, यावर फॅन्सचे गट पडलेत आणि प्रत्येक गटाकडे आपापले पुरावे आहेत.

आर्कम नाइटच्या अनुभवातून इथे दोन गोष्टी सांगता येतात. फॅन्ससाठी पहिली : एकाच पुराव्यावरून दोन उलटे निष्कर्ष निघत असतील, तर तो पुरावा नाही, तो आपल्या आवडीच्या उत्तराला दिलेला आधार आहे. गेम बनवणाऱ्यांसाठी दुसरी : हजारो लोक मिळून एखादं कोडं सोडवायला बसले, तर ते सुटणारच. त्यामुळे उत्तर फुटलं तरी गोष्ट उभी राहील, अशीच ती लिहायला हवी.

राहिला जेसन टॉड. १९८८ मध्ये ७२ मतांनी लोकांनी त्याला मारलं आणि २०१५ मध्ये हेल्मेट उतरायच्या आधीच त्याला ओळखलं. गेमच्या शेवटी स्केअरक्रोच्या ताब्यात अडकलेल्या बॅटमॅनला सोडवायला एक माणूस येतो. डोक्यावर लाल हेल्मेट असतं. तो एक गोळी झाडतो, बॅटमॅनचे हात मोकळे होतात आणि तो निघून जातो.

या वेळी तो कोण आहे, हे कुणालाच विचारावं लागत नाही.