गिऱ्हाईकाची ओळख आणि गिऱ्हाईकाची संमती

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपतात न आटोपतात तोच पालकांचे दूरध्वनी खणखणू लागतात. पलीकडून बोलणाऱ्याला मुलाचे नाव ठाऊक असते, त्याने घेतलेली शाखा ठाऊक असते, पुष्कळदा शाळाही ठाऊक असते. आणि कोणत्या शिकवणी-वर्गाचे किंवा कोणत्या दूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे भाग्य आपल्या दारी चालून आले आहे, हे तो मोठ्या आपुलकीने सांगतो. पगारदार माणसाची विचारपूस कर्ज देणारे करतात, निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेल्या शिक्षकाची गुंतवणुकीचे सल्लागार करतात. ‘माझी माहिती तुम्हांला कोणी दिली?’ असा साधा प्रश्न विचारला, की मात्र त्या आपुलकीला अचानक ओहोटी लागते आणि दूरध्वनी बंद होतो.

गिऱ्हाईक ओळखणे हा व्यापाऱ्याचा अपराध नव्हे. ते त्याचे कसबच होय. श्रावण लागण्यापूर्वी कोणत्या घरी साबुदाणा आणि भगर किती लागते, कोणाकडे महिनाअखेरीस उधारी होते आणि कोणाकडे पाहुण्यांचा राबता असतो, हे पेठेतील वाण्याला तोंडपाठ असे. एका अर्थाने आजच्या ‘व्यक्तिगत विपणना’चा तोच मूळपुरुष. परंतु या ओळखीला दोन बाजू होत्या. वाणी जसा गिऱ्हाइकाला ओळखी, तसे गिऱ्हाईकही वाण्याला, त्याच्या तराजूला आणि त्याच्या स्वभावाला ओळखून असे. शिवाय उधारीची वही गल्ल्याशेजारीच राही. ती चार आणे पानाप्रमाणे सावकाराला, सराफाला आणि वधूवर सूचक मंडळाला विकण्याची कल्पना त्या वाण्याला सुचली नाही. सुचली असती, तर पेठेने त्याचे दुकान दुसऱ्याच दिवशी ओस पाडले असते.

आज ही वही आपल्या दृष्टीआड लिहिली जाते. मोबाइलवर एखादे पान उघडले, की ते पुरते डोळ्यांसमोर येण्याच्या आतच त्यावरील जाहिरातीच्या जागेचा लिलाव पुकारला जातो. वाचक कोठे आहे, कोणते यंत्र वापरतो, आधी काय काय पाहून आला आहे, याचे वर्णन बोली लावणाऱ्यांकडे धाडले जाते. एकाची बोली स्वीकारली जाते. परंतु वर्णन मात्र सर्वांच्याच हाती पडलेले असते. मधुमेहावरचा एक लेख वाचला म्हणून पुढे आठवडाभर औषधांच्या जाहिराती पाठीस लागतात. तो लेख शेजाऱ्यासाठी वाचला होता की स्वतःसाठी, याची चौकशी करण्याचे कारण त्या यंत्राला नसते. ते आपल्यापुरता निष्कर्ष काढते आणि तो निष्कर्ष दुसऱ्याला विकते. आक्षेप घ्यावयाचा तो या विक्रीला, विक्रेत्याच्या चाणाक्षपणाला नव्हे.

आपल्याकडे या आक्षेपाला घटनेचा आधार मिळाला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी. न्या. पुट्टस्वामी यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम निघावयास आणखी दोन वर्षे लागून ते नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्यातही व्यापाऱ्यांवरील मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली, म्हणजे ती बंधने २०२७ च्या मे महिन्याशी जाऊन भिडतात. कायदा करण्याची घाई सरकारला झाली होती, असा आरोप कोणी करू शकणार नाही.

तथापि कायद्याचा गाभा चांगला आहे, हे मान्य केले पाहिजे. संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट हेतूपुरती, माहितीपूर्वक, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, असे तो सांगतो. संमती मागताना द्यावयाची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय नागरिकाला मिळाला पाहिजे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे. कायद्यातच दिलेले एक उदाहरण मोठे बोलके आहे. दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या सेवेने रुग्णाच्या मोबाइलमधील दूरध्वनी-यादी पाहण्याची परवानगी मागितली आणि रुग्णाने ती दिली, तरीही ती संमती सल्ल्यासाठी आवश्यक असलेल्या माहितीपुरतीच धरली जाईल. कारण पोटदुखीच्या निदानाला मेहुण्याचा नंबर लागत नाही. औषधाच्या दुकानात पावती मोबाइलवर पाठविण्यासाठी कोणी आपण होऊन नंबर दिला, तर दुकानदाराने तो पावती पाठविण्यासाठीच वापरावा, असेही दुसरे उदाहरण आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या हालचालींचा माग काढण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई आहे. हे बंधन मोडल्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोन कोटींहून अधिक नोंदलेले ग्राहक असलेल्या ऑनलाइन दुकानांकडे तीन वर्षे न फिरकलेल्या ग्राहकाची माहिती, आधी सूचना देऊन, पुसून टाकावी लागेल.

यावर व्यापारी जगाचे म्हणणे असे, की प्रत्येक पावलाला संमती मागत बसलो तर जाहिरातीचा धंदाच बुडेल आणि आज फुकट मिळणाऱ्या सेवा उद्या विकत घ्याव्या लागतील. या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. अॅपल कंपनीने एप्रिल २०२१ पासून आपल्या फोनवर एक साधा प्रश्न विचारणे सक्तीचे केले: या अॅपला इतर अॅपमध्ये आणि संकेतस्थळांवर तुमचा माग काढू द्यावयाचा काय? असंख्य लोकांनी ‘नाही’ असे उत्तर दिले. या एका बदलापायी २०२२ मध्ये आपले सुमारे दहा अब्ज डॉलरचे उत्पन्न बुडेल, असा अंदाज फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीनेच दिला. म्हणजे तोपर्यंत हा धंदा संमतीवर चाललेला नव्हता. प्रश्न न विचारण्यावर चाललेला होता. आता उरलेले अर्धे पाहा. नेदरलँड्समध्ये सार्वजनिक प्रसारणाच्या जाहिराती विकणाऱ्या स्टेर या संस्थेने २०२० च्या आरंभापासून प्रेक्षकांचा माग काढणे बंद केले आणि कार्यक्रमाचा विषय पाहून त्याला साजेशी जाहिरात लावण्यास सुरुवात केली. पहिल्या दोन महिन्यांत तिचे ऑनलाइन उत्पन्न आधीच्या वर्षापेक्षा वाढले. यात मराठी वाचकाला नवल वाटावे असे काही नाही. दिवाळी अंकात साड्यांची आणि पाककृतीच्या सदराशेजारी मसाल्यांची जाहिरात पिढ्यान्‌पिढ्या छापली गेली. त्यासाठी वाचकाच्या घरात डोकावण्याची गरज कोणाला भासली नाही.

व्यक्तिगत विपणनाला कायद्यात मज्जाव नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. ग्रंथविक्रेत्याने आपल्या ग्राहकाला ‘तुम्ही इतिहासाची पुस्तके घेता, नवी आली की कळवू का?’ असे विचारावे, ‘हो’ म्हटल्यास कळवावे आणि ‘पुरे’ म्हटल्यास थांबावे, यात दोघांचेही हित आहे. स्वतःच्या दुकानातील खरेदीची नोंद, ज्याची त्याला सांगून, सांगितलेल्या कामासाठीच वापरणारा व्यापारी कायदा पाळूनही गिऱ्हाइकाला नेमके हवे ते दाखवू शकतो. अडचण अशी, की इतके साधे विचारण्याचीच आपल्या दुकानांना सवय राहिलेली नाही. मोठ्या दुकानांतून मोबाइल नंबर सांगितल्यावाचून बिल होत नसे. अखेर मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याला किरकोळ विक्रेत्यांना बजावावे लागले, की नंबरासाठी ग्राहकाला अडवून धरणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. विश्वासाने दिलेली माहिती कायद्याच्या आधाराविना तिसऱ्याच्या हाती देणे ही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येतच अनुचित प्रथा ठरली आहे. पण बिल करणाऱ्या पोराला हे कोणी सांगितलेले नसते आणि मागे रांगेत उभे असलेले लोक चुळबुळ करू लागले, की हक्क सांगणारा ग्राहकच अपराधी ठरतो!

खरी चिंता आहे ती नव्या कायद्यात ग्राहकाच्या पदरात काय पडते याची. दंडाचे आकडे डोळे दिपविणारे आहेत. माहितीच्या सुरक्षिततेत हयगय केल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत. मात्र हा दंड भारताच्या संचित निधीत जमा व्हावयाचा आहे. ज्याची माहिती फुटली, ज्याच्या नावावर भलत्यानेच कर्ज उचलले, त्याला या कायद्याखाली एका पैचीही भरपाई नाही. उलट, माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ४३-अ कलमान्वये भरपाई मागता येत होती, ते कलम हा कायदा पूर्णपणे अमलात येताच गळून पडणार आहे. खोटी वा क्षुल्लक तक्रार केल्यास मात्र नागरिकालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एखाद्या कारकुनाच्या दृष्टीने ही रक्कम क्षुल्लक नव्हे आणि तक्रार क्षुल्लक आहे की नाही, हे ठरविणारे मंडळ नेमणार केंद्र सरकार. याच कायद्याचा आडोसा घेऊन माहिती अधिकाराच्या कलमातील व्यक्तिगत माहितीविषयीचा लोकहिताचा अपवाद आवळण्यात आला. ती तरतूद लागू होण्यास मात्र अठरा महिने लागले नाहीत, ती तत्काळ लागू झाली.

अंमलबजावणीच्या बाबतीत पूर्वानुभव उत्साहवर्धक नाही. नको असलेल्या दूरध्वनींपासून सुटका करण्यासाठी २००७ मध्ये राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. पुढे २०१० आणि २०१८ मध्ये दूरसंचार नियामकाने नवे विनियम केले. नाव नोंदविणाऱ्यांनी नाव नोंदविले आणि विकणाऱ्यांनी साध्या दहा आकडी नंबरांवरून फोन करण्यास आरंभ केला. ऑगस्ट २०२४ मध्ये अशा नोंदणी नसलेल्यांची जोडणी तोडण्याचा आदेश द्यावा लागला, तो सतरा वर्षांनंतर. डेटा संरक्षण मंडळाने इतकी वर्षे घेतली, तर आज शाळेत जाणारी मुले तोवर स्वतः पालक झालेली असतील.

म्हणून मुदत संपण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. सूचना मराठीत मागण्याचा अधिकार कायद्यात आहे, तेव्हा राज्यातील बँका, रुग्णालये आणि दुकाने यांच्याकडून ती आतापासूनच मागितली पाहिजे आणि ती कोणाला न कळणाऱ्या भाषांतरित मराठीत असू नये. भरपाईचे कलम पुन्हा आणण्यासाठी महाराष्ट्रातील खासदारांनी संसदेत आवाज उठविला पाहिजे. शाळांना मुलांच्या अध्यापनासाठी आणि सुरक्षिततेसाठी नियमांत सवलत आहे. पण ती तेवढ्यापुरतीच आहे. प्रवेश-अर्जातील पालकांचे नंबर कोणाच्या हाती जातात, निकालाच्या याद्या कोणत्या शिकवणी-वर्गाच्या टेबलावर पोहोचतात आणि त्या कोण पोहोचवितो, याचा शोध मुख्याध्यापकांनी आणि संस्थाचालकांनी पुढच्या जूनचे प्रवेश सुरू होण्याआधी घेतला, तर दिल्लीतील मंडळाच्या बैठकीची वाट न पाहताही काही दूरध्वनी थांबतील.