विकणाऱ्यानेच परत घ्यावे

घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी बसली की तिचे पुढे काय करायचे, हा प्रश्न कोणाला पडत नाही. दुकानदाराला फोन जातो, त्याचा माणूस नवी बॅटरी घेऊन येतो, जुनी उचलून नेतो आणि बिलातून तिचे पैसे वजा होतात. यामागे शिशाची किंमत हे एक कारण आहे. दुसरे कारण म्हणजे बॅटऱ्यांसाठीचे २००१ चे नियम. त्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची आणि त्याबद्दल ग्राहकाला सूट देण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकली. जमा झालेले शिसे दरवेळी योग्य कारखान्यातच जाते असे नाही; बेकायदा भट्ट्या आजही पेटतात. पण जुनी वस्तू घरातून पुन्हा दुकानात कशी आणायची, हे कोडे या देशाने एका वस्तूपुरते तरी सोडवले आहे.

मग हीच सोय बंद पडलेल्या मोबाइलला, मिक्सरला, फ्रिजला का नसावी?

कागदावर ती फार आधीपासून आहे. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ मध्ये आले आणि मे २०१२ पासून लागू झाले. वस्तू बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीनेच तिच्या अखेरीची जबाबदारी घ्यायची, हे तत्त्व तेव्हाच मान्य झाले. २०१६ च्या नियमांनी कंपन्यांना कचरा गोळा करण्याची उद्दिष्टे दिली आणि एक फार चांगली कल्पनाही पुढे आणली. वस्तू विकताना थोडी रक्कम अनामत म्हणून घ्यायची आणि ग्राहकाने जुनी वस्तू परत आणली की ती व्याजासह त्याच्या हातात ठेवायची. मात्र ही योजना ऐच्छिक ठेवली गेली आणि तिथेच तिचा जीव गेला. आज टीव्हीच्या बिलावर जीएसटी दिसतो, हप्त्यांचा तपशील दिसतो, वाढीव वॉरंटीचे शुल्क दिसते. अनामतीची ओळ मात्र दिसत नाही.

एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू झाले. यादीतल्या वस्तू २१ वरून १०६ वर गेल्या, ही जमेची बाजू. पण व्यवस्थेचा गाभाच बदलला. कंपनीने स्वतः जुन्या वस्तू गोळा करण्याची गरज उरली नाही. नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण कारखान्याकडून तिने प्रमाणपत्रे विकत घेतली की उद्दिष्ट पूर्ण होते. ही प्रमाणपत्रे सोने, तांबे, लोखंड आणि अॅल्युमिनियम या चार धातूंच्या हिशेबाने निघतात. कंपनी आणि ग्राहक यांच्यात उरलासुरला जो धागा होता, तोही त्यामुळे तुटला. ज्याच्या घरात बंद पडलेला फ्रिज उभा आहे, त्याला या प्रमाणपत्रांच्या बाजाराशी काय देणेघेणे?

तो फ्रिज अखेर भंगारवाल्याकडे जातो. तिथे त्याचे काय होते, ते एकदा पाहावे. फ्रिज आडवा पाडला जातो, मागची तांब्याची नळी कापली जाते आणि आतला वायू फुस्स आवाज करत हवेत निघून जातो. गेल्या पिढीतल्या फ्रिजमध्ये सर्रास असलेला आर-१३४ए हा वायू तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक घातक आहे. मग कॉम्प्रेसर सुटतो, त्याच्या मोटारीतले तांबे सोलून वेगळे होते, पत्रा एका ढिगात जातो, आणि भिंतींतला पिवळा फोम उकिरड्यावर किंवा आगीत. हे सगळे करणाऱ्याच्या हातात ना मोजे असतात, ना तोंडावर मास्क. शीतवायूंच्या विल्हेवाटीबद्दल नियम आहेत, पण हातोडा आणि छिन्नी घेऊन बसलेल्या त्या माणसापर्यंत ते पोचवायचे कोणी?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आकडेवारीनुसार २०२१-२२ मध्ये देशात सुमारे १६ लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला सव्वापाच लाख टनांच्या आसपासच अधिकृतपणे गोळा होऊन प्रक्रियेला गेला. म्हणजे तीन वस्तूंपैकी दोन वाटेतच गायब. निव्वळ प्रमाणपत्रांवर विसंबले की काय होते, हे प्लास्टिकने आधीच दाखवून दिले आहे. त्याच धर्तीच्या व्यवस्थेत २०२३ मध्ये सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे उघडकीस आली आणि ती काढणारे कारखाने गुजरात, कर्नाटक आणि आपल्या महाराष्ट्रातले होते.

पुनर्चक्रीकरणाला परवडणारा दर मिळावा म्हणून केंद्राने २०२४ मध्ये घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोमागे किमान २२ रुपये दर ठरवला. त्याविरुद्ध सॅमसंग, एलजी, डायकिन, व्होल्टास यांसारख्या बड्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. दर वाढवल्याने असंघटित धंदा थांबणार नाही, असे कंपन्यांचे म्हणणे आहे. त्यात तथ्य आहेच. पण गल्लोगल्ली विक्रेते आणि सर्व्हिस सेंटर नेमणाऱ्या कंपन्यांनी परतीची वाट आमच्याकडे नाही असे सांगावे, हे पटण्यासारखे नाही. नवा फ्रिज चौथ्या मजल्यावर पोचवणारा टेम्पो जुना घेऊन खाली उतरू शकतो. एक्स्चेंज ऑफरमध्ये तो उतरतोही. फक्त तिथून कुठे जातो, हे ग्राहकाला कधी कळत नाही.

जपानमध्ये हे कळते. तिथे २००१ पासून टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी यांच्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. दुकानदार जुनी वस्तू घेतो, कंपनी तिचे पुनर्चक्रीकरण करते आणि ग्राहकाला पावती मिळते. पावतीवरच्या क्रमांकावरून आपली वस्तू कुठवर पोचली हे त्याला तपासता येते. युरोपीय संघात चारशे चौरस मीटरहून मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांना पंचवीस सेंटिमीटरपेक्षा लहान जुनी उपकरणे फुकट स्वीकारावी लागतात, काही खरेदी केली नसली तरी. जपानची एक गोष्ट मात्र इथे चालणार नाही. तिथे वस्तू टाकताना ग्राहकच पैसे भरतो. आपल्याकडे भंगारवाला दारात येऊन उलट पैसे देतो. त्याच्याशी स्पर्धा करायची तर ग्राहकाच्या हातात काहीतरी पडलेच पाहिजे, म्हणून अनामतीचाच मार्ग खरा.

भंगारवाल्याला हाकलून हे होणार नाही आणि होऊही नये. घरोघरी पोचणारे दुसरे जाळे आपल्याकडे नाही. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेसोबत काम करते आहे आणि जुन्या वस्तूंचे संकलनही करते. गोळा करण्याचे काम अशा हातांकडे राहावे, त्याचा मोबदला कंपन्यांनी द्यावा, आणि नळी कापण्याचे, तेजाबात सर्किट बोर्ड बुडवण्याचे काम मात्र बंद व्हावे.

त्यासाठी सरकारने मोठ्या उपकरणांवर आणि मोबाइलवर अनामत सक्तीची करावी, ती बिलावर वेगळी छापायला लावावी, आणि विकणाऱ्या प्रत्येक दुकानाला जुनी वस्तू परत घेऊन पावती देणे बंधनकारक करावे. २०१६ मध्ये लिहिलेलेच आता ‘करू शकतो’ऐवजी ‘करावेच लागेल’ या भाषेत लिहायचे आहे. तोवर ग्राहकांच्या हातात एक गोष्ट आहे. यंदा दिवाळीत नवा टीव्ही किंवा वॉशिंग मशीन घ्याल, तेव्हा किमतीत घासाघीस करण्याआधी दुकानदाराला विचारा: जुने परत घेणार का, ते कोणत्या कारखान्यात जाणार, आणि त्याची लेखी पावती देणार का?