कुत्रा पाळावा कीं न पाळावा?

“बाबा, आपण कुत्रा पाळूं या ना!” हा हट्ट ज्या घरांत कधींच झाला नाहीं, असें घर विरळाच. शाळेंतून परततांना वाटेवरच्या गडग्याच्या आडोशाला चार-पांच पिल्लें कुंईकुंई करीत पडलेलीं दिसतात. त्यांतलें एक आपल्या पायांशीं घुटमळतें, आणि पाहतां पाहतां तें दप्तराबरोबर घरीं येतें. आई रागावते, आजी “घरांत नको” म्हणते, बाबा वर्तमानपत्रांत तोंड घालून मौन धरतात. पण आठ दिवसांत तेंच पिल्लू साऱ्या घराचें लाडकें होतें. हा आरंभ गोड आहे खरा. परंतु ‘पुढें काय?’ हा प्रश्न त्या वेळीं कोणीच विचारीत नाहीं. तो आधींच विचारला जावा, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

कुत्र्याच्या गुणांविषयीं वाद नाहीं. दत्तात्रेयाच्या चित्रांत त्याच्या पायांशीं चार कुत्रे असतात; खंडोबाच्या घोड्याबरोबरही कुत्रा धांवतो. त्याच्या इमानाची साक्ष निराळी काढावयास नको. म्हणून ‘कुत्रा चांगला कीं वाईट?’ हा प्रश्नच नव्हे. खरा प्रश्न उलट बाजूनें विचारावयाचा आहे: ‘आमचें घर कुत्र्यास चांगलें आहे काय?’

प्रथम वर्षांचा हिशेब करूं. कुत्र्याचें आयुष्य साधारणतः १० ते १४ वर्षांचें. विद्यार्थिमित्रा, तूं आज दहा वर्षांचा आहेस असें समज. तूं अठरा वर्षांचा होऊन मुंबईस किंवा पुण्यास शिकावयास जाशील, तेव्हां तुझा कुत्रा आठ वर्षांचा असेल. त्यास म्हातारपण येईल तेव्हां तूं नोकरीच्या शोधांत असशील. म्हणजे आज जो कुत्रा ‘माझा’ म्हणून तूं आणतोस, तो उद्यां तुझ्या आईवडिलांचा होणार. तेव्हां हा निर्णय एकट्या मुलाचा नसून साऱ्या घराचा आहे. कोंकणांत तर ही गोष्ट विशेषच ध्यानांत ठेविली पाहिजे; कारण येथील कित्येक घरें अशीं, कीं मुलगा आधीं जातो, आईबाप मागून जातात, आणि दाराला कुलूप लागतें.

असेंच एक कुलूप मीं जवळून पाहिलें आहे. आमच्या शेजारच्या मुलानें मोत्या नांवाचें एक पिल्लू मोठ्या हौसेनें वाढविलें होतें. मुलगा मुंबईस गेला. दोन वर्षांनीं त्याचे आईवडीलही गेले. मोत्यास भात घालण्याचें काम त्यांनीं माझ्यावर सोंपविलें, आणि मीं तें पत्करलें. मोत्या भात खाई; पण संध्याकाळची एस्. टी. येण्याच्या वेळेस रस्त्यावर जाऊन बसे, आणि गाडी निघून गेल्यावर परत येऊन कुलूप लावलेल्या दाराच्या पायरीवर निजे. गणपतीस मंडळी आलीं तेव्हां त्याचा आनंद पाहवत नव्हता. पांच दिवसांनीं तीं गेलीं तेव्हांचा तो मोत्याही पाहवत नव्हता. पुढल्या पावसाळ्यांत एके सकाळीं पायरी रिकामी दिसली. कोणी म्हणालें बिबट्यानें नेला, कोणी म्हणालें भटकत गेला. मीं त्यास रोज भात घातला, हें खरें. पण रात्रीं मी माझें दार लावून घेत असें, हेंही तितकेंच खरें. दोष केवळ शेजाऱ्यांचा होता, असें म्हणावयास माझी जीभ रेटत नाहीं.

आतां घराची व हवेची गोष्ट. रत्नागिरीस वर्षाकाठीं ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत ओला कुत्रा कोठें बसणार? पडवींत त्यास कोरडी जागा आहे काय? त्याच्या अंगावरील गोचीड रोज पाहून कोण काढणार? आपल्या भागांत बिबट्या रात्रीं वस्तींत शिरून कुत्रा उचलतो, हें आबालवृद्धांस ठाऊक आहे. तेव्हां ‘राखणीसाठीं बाहेर बांधूं’ असें म्हणणें म्हणजे साखळीला बिबट्याचें भक्ष्य बांधणेंच होय. कित्येक हौशी लोक बर्फाळ मुलखांतील दाट केसांचीं कुत्रीं मोल देऊन आणतात. कुत्र्यास माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाहीं; तो मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. वैशाखाच्या दमट उकाड्यांत त्या बिचाऱ्याचे हाल पाहवत नाहींत. त्यापेक्षां आपला गावठी कुत्रा शतपटीनें बरा. तो याच हवेंत घडलेला आहे.

आरोग्याच्या बाबतींत तर हयगय मुळींच चालणार नाहीं. १८८५ सालीं फ्रान्सांत लुई पाश्चर यानें पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या जोसेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस टोंचून वांचविलें. तेव्हांपासून हा रोग टाळतां येतो. परंतु लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी वांचणें आजही जवळजवळ अशक्यच. म्हणून पिल्लू तीन महिन्यांचें होतांच त्यास लस टोंचावी, आणि पुढेंही पशुवैद्याच्या सल्ल्यानें नियमित टोंचीत जावी. कोणतेंही कुत्रें चावलें तर जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवून तत्काळ दवाखाना गांठावा. जेथें या लसीचाही कंटाळा, तेथें कुत्रा नसणेंच सर्वांच्या हिताचें.

“नाहींच जमलें तर सोडून देऊं,” असें कोणी म्हणेल. हा विचार सर्वांत घातक. प्राण्यांचा छळ रोखण्यासाठीं झालेल्या १९६० च्या कायद्यानें, भूकतहानेनें हाल होतील अशा स्थितींत प्राण्यास टाकून देणें हा अपराध ठरविला आहे; सदैव बांधून ठेविलेल्या कुत्र्यास फिरावयास न नेणें हाही अपराधच. शिवाय टाकलेला कुत्रा गांवाच्या माथीं येतो. १८३२ सालीं मुंबईंत सरकारनें मोकाट कुत्रीं मारण्याचा सपाटा लाविला, तेव्हां पारशी मंडळी खवळली आणि शहरांत दंगल झाली. पुढें जवळजवळ दोनशें वर्षांनीं, २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत, मोकाट कुत्र्यांचाच प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढें होता. हीं सारीं कुत्रीं कोणी टाकलेलीं नव्हेत. तरी प्रत्येक निष्काळजी घर त्यांत एकाची भर घालीत असतें.

यावरून कुत्रा केवळ श्रीमंतांनीं पाळावा, असा अर्थ कोणी काढूं नये. बंगल्याच्या फाटकाशीं दिवसभर एकटा भुंकणारा कुत्रा मीं पाहिला आहे, आणि खाडीकांठच्या लहानशा घरांत बांगड्याभातावर पोसलेला, पोरांच्या घोळक्यांत बागडणारा कुत्राही पाहिला आहे. त्या दोहोंत सुखी कोण, हें सांगावयास नको. घरांत दिवसां कोणी माणूस असावें, सकाळसंध्याकाळ फिरविण्यास वेळ असावा, औषधपाण्यापुरता पैसा असावा, आणि परगांवीं जातांना त्यास कोणाकडे ठेवावयाचें हें ठरलेलें असावें. हें असेल तर कुत्रा अवश्य पाळावा. मुलांस दया आणि नियमितपणा शिकविणारा असा गुरु दुसरा मिळणें कठीण. यांतील एक गोष्ट जरी नसली, तरी तूर्त ‘नाहीं’ म्हणावें. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. ज्यास परीक्षा पाहावयाची असेल, त्यानें ऐन श्रावणांत शेजाऱ्याचा कुत्रा महिनाभर सांभाळून पाहावा. उत्तर आपोआप मिळेल.

महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिरास स्वर्गाचा रथ आला. पण बरोबरच्या कुत्र्यास टाकून ये, अशी अट होती. त्यानें स्वर्ग नाकारला, आश्रितास टाकलें नाहीं. आपणांपुढें स्वर्गाचा रथ यावयाचा नाहीं. येईल ती मुंबईची गाडी. तींत बसतांना मागें वळून पाहण्याची लाज वाटणार नाहीं, अशी ज्याची खात्री असेल, त्यानें तें पिल्लू खुशाल उचलून घरीं आणावें.